फिन्सबरीचा मृत्युदर नीट कसा काढावा: एडवर्डकालीन लंडनचे आरोग्य अहवाल वाचण्याची रीत

एडवर्डकालीन, म्हणजे सातव्या एडवर्ड राजाच्या काळातल्या (१९०१ ते १९१०) लंडनच्या एखाद्या भागाचा मृत्युदर काढायचा म्हटलं की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आरोग्य अहवाल उघडायचा, नोंदलेल्या मृत्यूंचा पहिला मोठा आकडा उचलायचा, त्याला १९०१ च्या जनगणनेच्या लोकसंख्येने भागायचं आणि हजाराने गुणायचं. उत्तर पंधरा-वीसच्या आसपास येतं, त्या काळाला शोभेलसं दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. बहुतेक वेळा ते चुकलेलं असतं. एकाच वर्षाचा एकाच बरोचा (बरो म्हणजे स्वतंत्र स्थानिक कारभार असलेला शहराचा भाग) दर दोन अभ्यासकांनी काढावा आणि दोघांत हजारी पाचांचा फरक पडावा, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

चूक भागाकारात नसते. मेलेली माणसं एका हद्दीतली आणि लोकसंख्या दुसऱ्या हद्दीतली, किंवा मृत्यू एका वर्षाचे आणि लोकसंख्या दुसऱ्या वर्षाची, असं होतं. पुढचे सगळे टप्पे एका गोष्टीसाठी आहेत: अंशात ज्या लोकांचे मृत्यू मोजले, नेमके तेच लोक छेदात आले पाहिजेत.

उदाहरण म्हणून लंडनचा फिन्सबरी हा बरो घेतला आहे. शहराच्या मधोमध, दाटीवाटीचा, एका खोलीत अख्खं कुटुंब राहण्याचं प्रमाण फार मोठं, आणि भोवताली सगळीकडे रुग्णालयं. जितक्या चुका शक्य आहेत तितक्या इथे होतात, म्हणून शिकायला हाच भाग बरा. रीत मात्र लंडनच्या कुठल्याही बरोला लागू पडते.

तयारी: बसण्यापूर्वी हाताशी काय हवं

पहिली गोष्ट म्हणजे आरोग्याधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल. लंडनच्या बरोंचे १८४८ ते १९७२ या काळातले असे अहवाल 'लंडन्स पल्स' या नावाने वेलकम कलेक्शनच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तुम्हाला एकच वर्ष हवं असलं तरी आधीची चार-पाच वर्षं आणि पुढची चार-पाच वर्षं उतरवून घ्या. आधीच्या अहवालात छापलेला आकडा नंतरच्या अहवालात दुरुस्त झालेला असतो, आणि ती दुरुस्ती पुढचा अहवाल उघडल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी गोष्ट, दोन जनगणना: ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११. एक पुरत नाही.

तिसरी, इंग्लंड-वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलचे, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीच्या मुख्य अधिकाऱ्याचे वार्षिक आकडे, तुलनेसाठी.

मग एक्सेलची शीट उघडा आणि आकडे भरण्याआधी रकाने पाडून ठेवा: वर्ष, वर्ष कोणत्या तारखेला संपलं, हद्दीत नोंदलेले मृत्यू, वजा करायचे मृत्यू, मिळवायचे मृत्यू, निव्वळ मृत्यू, अहवालात छापलेली लोकसंख्या, तुम्ही काढलेली लोकसंख्या, आणि शेवटी 'कुठून घेतलं: पान आणि तक्ता'. हा शेवटचा रकाना लोक टाळतात. सहा महिन्यांनी एखादा आकडा खटकला की तोच वाचवतो.

सावधान: संगणकाने वाचून दिलेल्या मजकुरातून आकडे कॉपी करू नका. जुन्या छपाईतला तीन आणि आठ, एक आणि सात यांची तिथे सर्रास अदलाबदल होते. आकडा पानाच्या चित्रावरूनच उतरवा, आणि प्रत्येक रकान्याची बेरीज छापील बेरजेशी जुळते का ते बघा.

टप्पा १: हद्द ठरवा

१८९९ च्या कायद्याने लंडन काउंटीत २८ मेट्रोपोलिटन बरो झाले आणि नोव्हेंबर १९०० पासून त्यांचा कारभार सुरू झाला. त्याआधी त्याच जागी व्हेस्ट्री (पॅरिशची स्थानिक मंडळं) आणि जिल्हा मंडळं होती. त्यामुळे १९०० च्या आधीचं फिन्सबरी शोधायला गेलात तर तुम्हाला क्लार्कनवेल आणि सेंट ल्यूक यांचे वेगवेगळे अहवाल सापडतील. मागच्या वर्षांशी तुलना करायची असेल तर त्या भागांचे मृत्यू आणि लोकसंख्या दोन्ही मिळवून घ्यायची. दोन दरांची सरासरी काढायची नाही.

नावांनी फसगत होते ती अशी. फिन्सबरी नावाचा बरो वेगळा आणि त्या नावाचे संसदेचे मतदारसंघ वेगळे. फिन्सबरी पार्क तर उत्तरेला काही मैलांवर आहे, त्याचा या बरोशी संबंध नाही. सगळ्यात महागात पडतं ते होबर्नचं नाव. जन्ममृत्यूच्या नोंदणीसाठी जो होबर्न जिल्हा होता, त्यात क्लार्कनवेल आणि सेंट ल्यूक येत होते, म्हणजे फिन्सबरी बरोचा मोठा भाग. होबर्न नावाचा मेट्रोपोलिटन बरो मात्र निराळाच. नोंदणी जिल्ह्याचे मृत्यू घेऊन त्यांना होबर्न बरोच्या लोकसंख्येने भागलं तर जो दर येतो तो कुठल्याच गावचा नसतो.

आजच्या नकाशात शोधत असाल तर हा सगळा भाग १९६५ पासून इस्लिंग्टनमध्ये गेला आहे.

तपासणी: शीटच्या वर एका ओळीत लिहा, 'या शीटमध्ये फिन्सबरी म्हणजे १९०० चा मेट्रोपोलिटन बरो'. हद्द वेगळी असलेला एकही आकडा आत येऊ द्यायचा नाही.

टप्पा २: वर्ष नेमकं किती दिवसांचं होतं ते बघा

लंडनमध्ये आकडे आठवड्यांनी गोळा होत आणि आठवडा शनिवारी संपे. म्हणून अहवालाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपेलच असं नाही. बहुतेक वर्षं ५२ आठवड्यांची, म्हणजे ३६४ दिवसांची. पण ज्या अहवालाचं वर्ष शनिवार ३ जानेवारी १९०३ किंवा शनिवार २ जानेवारी १९०९ ला संपतं, ते ५३ आठवड्यांचं, म्हणजे ३७१ दिवसांचं असतं.

५३ आठवड्यांचे मृत्यू तसेच घेतले तर दर दीड-दोन टक्क्यांनी फुगतो. असे मृत्यू ३६५.२५ ने गुणून ३७१ ने भागा. ५२ आठवड्यांच्या वर्षातला फरक नगण्य आहे, तो सोडलात तरी चालेल.

तिमाहीचे दर वापरत असाल तर ते वार्षिक करून छापले आहेत का, ते तक्त्याच्या शीर्षकात वाचा. न वाचता उन्हाळ्याच्या तिमाहीची वर्षाशी तुलना केलेली बऱ्याच लेखांत दिसते.

टप्पा ३: मृत्यू मोजा, ढोबळ नव्हे, निव्वळ

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे सावकाश जा.

माणूस मेला की मृत्यूची नोंद तो जिथे मेला तिथे होई, जिथे राहत होता तिथे नव्हे. आता फिन्सबरीचा गरीब माणूस आजारी पडला की कुठे जाई ते बघा. बरोच्या हद्दीला लागून सिटीमध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय. होबर्न युनियनची (गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या पॅरिशांची) इन्फर्मरी, म्हणजे गरिबांसाठीच्या वर्कहाउस यंत्रणेचं रुग्णालय, थेट हायगेटजवळ आर्चवे रोडला, इस्लिंग्टन बरोत. स्कार्लेट फीव्हर किंवा घटसर्प झाला तर मेट्रोपोलिटन असायलम्स बोर्डाची ताप-रुग्णालयं. देवी झाल्या तर केंटमध्ये डार्टफर्डजवळ. मनोरुग्ण असेल तर कोल्नी हॅचसारखं काउंटीच्या हद्दीबाहेरचं असायलम. यातला प्रत्येक मृत्यू फिन्सबरीच्या माणसाचा, पण नोंद दुसरीकडची.

उलट बाजूने फिन्सबरीच्या आतल्या रुग्णालयांत बाहेरची माणसं येऊन मरत. त्यांचा फिन्सबरीच्या घरांशी, नळांशी, गटारांशी काही संबंध नव्हता.

म्हणून वार्षिक अहवालातला पहिला ठराविक तक्ता शोधा. हा नमुना लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने, म्हणजे स्थानिक कारभारावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने ठरवून दिलेला होता, त्यामुळे बहुतेक बरोंत तो सारखाच दिसतो. त्यात हे रकाने असतात: हद्दीत नोंदलेले एकूण मृत्यू, हद्दीतल्या संस्थांमध्ये मेलेले बाहेरचे लोक, बाहेरच्या संस्थांमध्ये मेलेले इथले रहिवासी, आणि शेवटी 'नेट डेथ्स', म्हणजे निव्वळ मृत्यू. नेट हा शब्द त्या काळी दोन 'टी' लावून छापत, शोधताना लक्षात ठेवा.

हिशेब असा. समजा, एका वर्षी हद्दीत १,५०० मृत्यू नोंदले. त्यातले १२० बाहेरच्यांचे, ते वजा. इथल्या रहिवाशांचे ६२० मृत्यू बाहेर झाले, ते मिळवा. निव्वळ मृत्यू २,०००. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण फरक केवढा पडतो ते बघा: ९५,७०९ लोकसंख्येवर (ही कशी काढली ते टप्पा ४ मध्ये) ढोबळ दर १५.७ येतो आणि निव्वळ दर २०.९. ज्या बरोत इन्फर्मरी नाही तो निरोगी वाटू लागतो, आणि ज्याच्या हद्दीत मोठी इन्फर्मरी आहे तो मसणवटा.

सावधान: काही अहवालांत दोन्ही दर छापलेले असतात आणि लेखनात 'मृत्युदर' एवढाच शब्द येतो. कुठला आहे ते तक्त्याशी ताडून बघितल्याशिवाय उचलू नका.

सावधान: १९११ पासून रजिस्ट्रार जनरलने देशभराचे तक्ते स्थानिक कारभाराच्या हद्दींनुसार लावायला आणि मृत्यू मूळ राहण्याच्या ठिकाणी वर्ग करायला सुरुवात केली. त्यामुळे १९१० आणि १९११ या दोन वर्षांच्या मधे शीटमध्ये जाड रेघ मारा. त्या रेघेवरून उडी मारणारी प्रत्येक तुलना वेगळी तपासायची.

तपासणी: हद्दीतले मृत्यू, उणे बाहेरचे, अधिक बाहेर मेलेले इथले, ही बेरीज छापील निव्वळ आकड्याशी जुळली का? जुळत नसेल तर बहुधा तक्त्याखालची टीप तुम्ही वाचलेली नाही.

टप्पा ४: लोकसंख्या, आणि १९११ मध्ये काय उघड झालं

दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांची लोकसंख्या त्या काळी अंदाजाने काढत. अंदाजाची रीत सोपी होती: मागच्या दहा वर्षांत लोकसंख्या ज्या गतीने वाढली किंवा घटली, तीच गती पुढे चालू आहे असं धरायचं. १९०५ चा आरोग्याधिकारी १८९१ ते १९०१ ची गती पुढे ओढत होता. त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं.

पण १९०१ नंतरच्या दशकात ट्राम आणि स्वस्त रेल्वेमुळे माणसं उपनगरांत निघाली होती, आणि मध्य लंडनमधल्या घरांच्या जागी गोदामं आणि कारखाने उभे राहत होते. १९०१ मध्ये लंडन काउंटीत सुमारे ४५ लाख ३६ हजार माणसं होती. अंदाज वर्षागणिक वाढते धरलेले. प्रत्यक्षात १९११ च्या गणनेत सुमारे ४५ लाख २१ हजारच भरली. फिन्सबरीत तर १,०१,४६३ वरून ८७,९२३ वर घसरण झाली.

छेद फुगलेला असला की दर खाली येतो. १९०८, १९०९, १९१० च्या अहवालांत छापलेले दर वाचून 'बघा, किती झपाट्याने सुधारणा झाली' असं लिहिलं जातं. त्या सुधारणेतला काही भाग केवळ नसलेल्या माणसांचा असतो. सुधारणा झाली हे खरं, पण किती झाली हे छापील दरावरून ठरवू नका.

तुमच्याकडे मात्र दोन्ही टोकं आहेत. मग मधली वर्षं अशी काढा:

दोन्ही गणनांमधला फरक १३,५४०. दहा वर्षांनी भागला की वर्षाला १,३५४ ची घट. दर काढायला वर्षाच्या मध्याची, म्हणजे जून अखेरची लोकसंख्या लागते. मार्च १९०१ ते जून १९०५ म्हणजे सव्वाचार वर्षं. १,३५४ गुणिले ४.२५ म्हणजे सुमारे ५,७५४. १,०१,४६३ मधून वजा केले की १९०५ च्या मध्याला ९५,७०९. चक्रवाढीच्या रीतीने काढलं तर सुमारे ९५,४७० येतात; फरक पाव टक्का. एवढ्यासाठी किचकट सूत्र वापरायची गरज नाही.

आता १९०१ चीच लोकसंख्या धरून बसलात तर काय होतं? १९०५ मध्ये आपण वर गृहीत धरलेल्या २,००० मृत्यूंवर २०.९ ऐवजी १९.७ येतात. १९१० च्या मध्याला खरी लोकसंख्या सुमारे ८८,९४० आणि तुम्ही धरलेली तिच्यापेक्षा १४ टक्के जास्त.

सावधान: एका शीटमध्ये छापील अंदाज आणि स्वतः काढलेली लोकसंख्या मिसळू नका. एक वर्ष एका रीतीने, दुसरं दुसऱ्या रीतीने, असं झालं की मालिकेत खोटा खड्डा किंवा खोटी उडी तयार होते.

टप्पा ५: दुसऱ्या बरोशी तुलना करण्याआधी वय बघा

इथवरचा दर मृत्यू निव्वळ धरूनही वयाच्या दृष्टीने कच्चा दर झाला. तो एकाच बरोच्या वर्षावर्षांच्या तुलनेला चालतो. दोन बरो शेजारी ठेवायचे असतील तर नाही. हॅम्पस्टेड किंवा केन्सिंग्टनमध्ये घरकामाला राहणाऱ्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. वीस-पंचवीस वर्षांची माणसं कमी मरतात, त्यामुळे त्या बरोंचा कच्चा दर हवापाण्यामुळे जितका खाली असायला हवा त्याहूनही खाली दिसतो. ज्या बरोत तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं जास्त, त्याचं उलट.

त्या काळचे अधिकारी यासाठी दुरुस्तीचा गुणक वापरत. गुणक असा तयार होतो: देशातल्या प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर बरोच्या त्या वयोगटातल्या लोकसंख्येला लावायचा आणि एकूण दर काढायचा. समजा, देशाचा दर १७ आहे आणि बरोला देशाचे वयवार दर लावून १५.५ येतात. गुणक म्हणजे १७ भागिले १५.५, सुमारे १.०९७. बरोचा कच्चा दर १८ असेल तर दुरुस्त दर १९.७. तो देशाच्या १७ शी ताडायचा.

अहवालात गुणक छापलेला असेल तर तो कोणत्या जनगणनेवरून काढला ते बघा. १९०१ नंतरच्या पहिल्या एक-दोन अहवालांत १८९१ चा जुना गुणक राहिलेला असू शकतो. आणि दर आधीच दुरुस्त केलेला असेल तर पुन्हा गुणू नका.

टप्पा ६: अर्भकमृत्यू दर, जिथे छेद लोकसंख्या नसतो

एक वर्षाच्या आत मेलेली मुलं, भागिले त्याच वर्षी नोंदलेले जन्म, गुणिले हजार. लोकसंख्या इथे येतच नाही, म्हणून लोकांना वाटतं की हा दर सुरक्षित आहे. फिन्सबरीत तो मुळीच सुरक्षित नाही.

कारण सिटी रोड आणि ओल्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सिटी ऑफ लंडन लाइंग-इन हॉस्पिटल होतं, म्हणजे बाळंतपणाचं रुग्णालय. लंडनभरच्या बायका तिथे बाळंत होत आणि जन्म फिन्सबरीत नोंदला जाई. बाळ घेऊन त्या आपल्या घरी जात. बाळ पुढे दगावलं तर तो मृत्यू दुसऱ्या बरोचा. छेदात शेकडो परक्यांची मुलं, अंशात ती नाहीत. दर खोटाच खाली येतो.

समजा हद्दीत ३,१०० जन्म नोंदले. त्यातले ४०० बाहेरच्या आयांचे. इथल्या आयांचे १०० जन्म बाहेरच्या संस्थांत. निव्वळ जन्म २,८००. अर्भकमृत्यू ४२०. खरा दर १५०. दुरुस्ती न करता १३५. पंधराचा फरक, आणि तो फक्त एका रुग्णालयामुळे.

मराठी वाचकाला हे पटकन कळेल, कारण मुंबईच्या आकड्यांत हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. बाळंतपणाला बायका कोकणात किंवा घाटावर माहेरी जात, जन्माची नोंद मुंबईत होत नसे. मूल घेऊन परत आल्या आणि ते दगावलं की मृत्यू मात्र मुंबईचा. त्यात मुंबईतल्या जन्मांची नोंदही अपुरी. म्हणून १९२१ साली मुंबईचा अर्भकमृत्यू दर हजारी सहाशेच्या वर छापला गेला. तिथली परिस्थिती भीषण होतीच, पण त्या आकड्यातला मोठा हिस्सा छेदाच्या त्रुटीचा आहे. फिन्सबरी आणि मुंबई यांचे छापील दर शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे अजून भेटतात. तसं करू नका.

आणखी तीन बाबी, थोडक्यात. मृत जन्मलेल्या मुलांची नोंदणी इंग्लंडमध्ये १९२७ पर्यंत नव्हती, म्हणून ती ना अंशात ना छेदात. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरमधले काही जन्म पुढच्या वर्षात जातात. आणि १९०७ च्या कायद्यानुसार जन्माची सूचना ३६ तासांत द्यायची पद्धत ज्या बरोंनी स्वीकारली, तिथे 'सूचित जन्म' आणि 'नोंदलेले जन्म' असे दोन आकडे मिळतात. दरासाठी नोंदलेले घ्या.

१९०५ पासून ठराविक तक्त्यांत पाचवा तक्ता आला: अर्भकमृत्यू, आठवड्यांनी आणि महिन्यांनी पाडलेले. तो जरूर वापरा. पहिल्या आठवड्यातले मृत्यू आणि सहाव्या महिन्यातले मृत्यू यांची कारणं अगदी वेगळी असतात. पहिल्या आठवड्यात अपुऱ्या दिवसांची आणि अशक्त मुलं; पुढे वरचं दूध सुरू झालं की उन्हाळी अतिसार. फिन्सबरीचे आरोग्याधिकारी जॉर्ज न्यूमन यांनी याच विषयावर १९०६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणून त्यांच्या काळातल्या अहवालांत हा भाग विशेष भरघोस सापडतो. १९०७ मध्ये ते शिक्षण मंडळाकडे गेले. अधिकारी बदलला की तक्त्यांची मांडणीही बदलू शकते, तेव्हा त्या सालापाशी प्रत्येक शीर्षक नव्याने वाचा.

सावधान: एकेका वर्षावरून कल सांगू नका. इंग्लंड-वेल्सचा अर्भकमृत्यू दर १९१० मध्ये १०५, १९११ मध्ये १३० आणि १९१२ मध्ये ९५ होता. १९११ चा उन्हाळा विलक्षण कडक होता आणि अतिसाराने मुलं गेली. एडवर्ड बॅलर्ड यांनी १८८९ मध्येच दाखवलं होतं की जमिनीत चार फूट खोल ठेवलेला तापमापक ५६ अंश फॅरनहाइटला पोचला की हे मृत्यू चढू लागतात. म्हणून अनेक अहवालांत पाऊस आणि तापमानाचा तक्ता असतो. तो भरताड समजून सोडू नका. तुलना हवी असेल तर पाच-पाच वर्षांच्या सरासऱ्या घ्या: देशाची १९०१ ते १९०५ ची सरासरी १३८, १९०६ ते १९१० ची ११७.

टप्पा ७: मृत्यूची कारणं एकत्र बांधा

कारणांची नावं बदलत राहिली, रोग तेच राहिले. उन्हाळी अतिसाराने मेलेलं मूल एका वर्षी 'डायरिया' खाली, दुसऱ्या वर्षी 'एपिडेमिक एन्टरायटिस' किंवा 'झायमॉटिक एन्टरायटिस' खाली, तिसऱ्या डॉक्टरच्या सवयीने 'गॅस्ट्रो-एन्टरायटिस' खाली लिहिलेलं सापडतं. १९०० मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने नावं सुचवल्यावर डॉक्टरांच्या दाखल्यांतले शब्द हळूहळू बदलले. त्यामुळे नुसत्या 'डायरिया' ची रांग पाहून रोग घटला असं म्हणता येत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ही सगळी नावं एका गटात बेरीज करा.

क्षयाचंही तसंच. फुफ्फुसांचा क्षय 'थायसिस' म्हणून, पोटाचा 'टेबीझ मेसेंटेरिका' म्हणून, मेंदूच्या आवरणाचा 'ट्युबर्क्युलर मेनिंजायटिस' म्हणून येतो. सगळा क्षय हवा की फक्त फुफ्फुसांचा, आधी ठरवा.

'झायमॉटिक' या शब्दापाशी थांबा. 'सात प्रमुख झायमॉटिक रोग' म्हणजे देवी, गोवर, स्कार्लेट फीव्हर, घटसर्प, डांग्या खोकला, 'फीव्हर' आणि अतिसार. 'फीव्हर' मध्ये विषमज्वरासह टायफस आणि साधा सततचा ताप येतात. क्षय आणि न्यूमोनिया यात नाहीत. झायमॉटिक दर म्हणजे सर्व संसर्गजन्य रोगांचा दर असं धरून चालणं ही जुनी, हट्टी चूक आहे.

'कन्व्हल्शन्स' (आकडी), 'डेबिलिटी' (अशक्तपणा), 'मरास्मस' (खंगणं), 'टीथिंग' (दात येणं) ही कारणं खरं तर लक्षणं आहेत. त्यांना इतर रोगांत वाटून टाकू नका, वेगळा गट ठेवा. १९११ मध्ये इंग्लंडने कारणांची आंतरराष्ट्रीय यादी स्वीकारली, म्हणजे तुमची जाड रेघ इथेही लागू.

टप्पा ८: रुग्णनोंद म्हणजे मृत्यूनोंद नव्हे

१८८९ च्या कायद्याने डॉक्टरांना कळवावे लागणारे रोग ठरलेले होते: देवी, कॉलरा, घटसर्प, स्कार्लेट फीव्हर, विषमज्वर, टायफस, बाळंतज्वर, एरिसिपेलस (त्वचेचा संसर्ग) वगैरे. गोवर आणि डांग्या खोकला या यादीत नव्हते, आणि मुलं त्यांनी मोठ्या संख्येने दगावत. त्यामुळे गोवराचे रुग्ण किती हे या तक्त्यावरून विचारूच नका.

क्षयाच्या रुग्णांची सक्ती टप्प्याटप्प्याने आली: १९०९ मध्ये गरीब-कायद्याखालचे, म्हणजे सार्वजनिक मदतीवरचे रुग्ण, १९११ मध्ये रुग्णालयांतले, १९१२ पासून फुफ्फुसांच्या क्षयाचे सगळे, १९१३ पासून सर्व प्रकार. आलेख या वर्षांत उभा चढतो. रोग वाढला नव्हता, कळवणं वाढलं होतं. तसंच १९०१-०२ च्या देवीच्या साथीत कांजिण्याही लंडनमध्ये काही काळ कळवाव्या लागत, कारण सौम्य देवी कांजिण्या म्हणून सुटून जात.

टप्पा ९: वॉर्ड, गल्ली आणि खोल्या

बरोच्या आतल्या लहान भागांचे दर मोहात पाडतात. एखाद्या वॉर्डात वर्षाला २५ अर्भकमृत्यू झाले असतील, तर निव्वळ योगायोगाने तो आकडा १५ ते ३५ च्या दरम्यान कुठेही जाऊ शकतो. पडताळा सोपा आहे: मृत्यूंच्या संख्येचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढी वरखाली जागा सोडा. शंभरपेक्षा कमी मृत्यूंवर एका वर्षाचा दर काढू नका, तीन किंवा पाच वर्षं एकत्र करा.

न्यूमन यांच्या अहवालांत एका, दोन, तीन खोल्यांत राहणाऱ्यांचे दर वेगळे दिलेले आहेत आणि ते हादरवून टाकणारे आहेत. ते वापराच, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. खोल्यांनुसार लोकसंख्या जनगणनेतच मोजली जाई, मधल्या वर्षी कुटुंबं खोल्या बदलत राहत. आणि कमावता माणूस आजारी पडला की कुटुंब दोन खोल्यांतून एका खोलीत येई. म्हणजे काही वेळा दारिद्र्यामुळे आजार, तर काही वेळा आजारामुळे ती एक खोली.

टप्पा १०: दर लिहिताना त्याच्यासोबत काय लिहायचं

सुटा दर कधीही छापू नका. प्रत्येक दरासोबत हद्द, वर्षाची शेवटची तारीख, मृत्यू ढोबळ की निव्वळ, लोकसंख्या कुठल्या रीतीने, आणि वयाची दुरुस्ती केली की नाही, एवढं असलं पाहिजे. तक्त्याखाली अशी ओळ पुरे होते:

'फिन्सबरी मेट्रोपोलिटन बरो. निव्वळ मृत्यू, वार्षिक अहवालातल्या पहिल्या तक्त्यावरून. वर्षमध्य लोकसंख्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनांमधून सरळ रेषेने काढलेली. ५३ आठवड्यांची वर्षं ३६५.२५ दिवसांवर आणलेली. वयाची दुरुस्ती केलेली नाही. १९११ पासूनचे आकडे आधीच्या मालिकेशी जोडलेले नाहीत.'